दोघांनी मिळून केलेलं डाएट

३ मार्च
डॉक्टरने दगा दिला. साधी सर्दी दाखवायला गेलो, तर पोटाची सोनोग्राफी करायला लावली. म्हणे लिव्हरवर चरबी, साखर काठावर. खाणं अर्धं करा, रोज चाला, तीन महिन्यांनी या.
अर्धं? इतका मवाळ डॉक्टर काय कामाचा! मी वजनकाट्यावर क्लार्क आहे. दिवसाला साठ ट्रक तोलतो. वजनातलं मला कुणी शिकवू नये. तक्ता स्वतःच बनवला. सकाळी सफरचंद, दुपारी काकडी आणि एक उकडलेलं अंडं, संध्याकाळी वाटीभर सूप. बस्स.
बायको म्हणाली, एकटे कंटाळाल, मीही करते. म्हटलं, कर.

४ मार्च
सकाळी ११. झकास. पिसासारखं हलकं वाटतंय.
दुपारी १. भुकेच्या नादात ट्रकचा नंबर चुकला, ड्रायव्हर खेकसला. नोकरीवर गदा नको म्हणून कॅन्टीनमध्ये अंडा-पाव घेतला. अंडं तक्त्यात आहेच. पाव काय, अंडं धरायला.

२१ मार्च
घरच्या काट्यावर एकोणनव्वद. अठरा दिवसांत तसूभर फरक नाही. हा काटा मेहुणीने भेट दिलेला, खोट असणारच. ऑफिसात ट्रकच्या काट्यावर उभा राहिलो. ऐंशी! तो वीस-वीस किलोंनीच पुढे सरकतो, पण त्याच्यावर सरकारी शिक्का आहे. यापुढे तोच प्रमाण.
आनंदात तीन अंडा-पाव.

९ एप्रिल
बायकोचं वजन साडेचार किलो उतरलं. तक्ता एक, माणसं दोन, मग हिचंच कसं उतरतं? नक्कीच मला चोरून काहीतरी करते. शाळेत शिकवते, तिथे मैदान आहे; पळत असेल.
ती अंघोळीला गेल्यावर तिची पर्स तपासली. अर्धं सफरचंद मिळालं, बाकी काही नाही. पुरावा मागे न ठेवण्यात बाई पटाईत.

२ मे
बायको म्हणते, जिना चढताना धाप लागते, केस मुठीने गळतात, थांबू या का?
फार लागलं मनाला. निम्म्या वाटेवर साथ सोडायची? म्हटलं, मी कसा राहतोय बघ. ती ओशाळली. म्हणाली, "तुमच्या निश्चयाला मानलं हो. मीच कच्ची."
माफ केलं.

१५ मे
ऑफिसचा काटाही उलटला. काल ऐंशी, आज शंभर. एका रात्रीत वीस किलो कुणाचे वाढतात? दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने तपासून सांगितलं, काटा ठीक आहे साहेब. जाताना माझ्या पोटाकडे बघितलं. आता तोही फितूर.

२६ मे
दुपारी शाळेतून फोन. सुट्टीतल्या जादा तासाला बायको फळ्यासमोर चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलात भरती केलं, कपाळाला तीन टाके. हिमोग्लोबिन सात. तिथले डॉक्टर म्हणाले, मुळात कमी असणार, या उपासमारीने तळ गाठला. काय खात होता, विचारलं. तिने माझा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. एक काकडी इकडची तिकडे नाही.
हा तक्ता कुणी दिला, डॉक्टरांनी विचारलं.
मी म्हटलं, कुठल्या तरी मासिकात आला असेल.
बायकोने माझ्याकडे पाहिलं.

२७ मे
सकाळी ऑफिसच्या कॅन्टीनवाल्या मावशी बायकोला भेटायला हॉस्पिटलात आल्या. चांगल्या मनाने आल्या, म्हणून जास्त राग. डबा उघडत म्हणाल्या, "वहिनी, सहा अंडा-पाव आणलेत. चार तर साहेबांनाच लागतात रोज, वर गोड चहा. तुमच्यासाठी उरावेत म्हणून जास्तीचे केले."
बायकोने विचारलं, "रोज?"
मावशी कौतुकाने म्हणाल्या, "मार्चपासून एक दिवस खाडा नाही."
त्या गेल्यावर मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर फक्त पार्किंग होतं.
बायको म्हणाली, "मी 'थांबू या का' म्हटलं, त्या दिवशीसुद्धा?"
त्या दिवशी पाच खाल्ले होते. सांगितलं. आता लपवून काय करणार.
ती रडली नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर मला काही बोलता तरी आलं असतं. म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यातच दम नाही."

दुपारी तिचं हॉस्पिटलचं ताट आलं. डॉक्टरांची सक्त ताकीद, सगळं संपलं पाहिजे. तिने अर्धं खाल्लं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने उरलेलं माझ्यापुढे सरकवलं.
मी नको म्हटलं. भूक नव्हती. खरंच नव्हती.
तिने विश्वास ठेवला नाही.