बर्फाखालची दोन चोचींची लूनी

५ ऑक्टोबर
संकल्प: यंदा नाण्यांच्या छंदात नाव काढायचंच. बँकेतून लूनींचे, म्हणजे आपल्या कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यांचे, रोल आणले. भिंगाखाली एकेक डॉलर, एकेक लून पक्षी, चोचीपासून शेपटीपर्यंत तपासला. टांकसाळीची एकही चूक नाही. असती तर माझ्या नजरेतून सुटली असती का! तरी फोटो काढून विनिपेगच्या क्लबात एल्मर पेनरना पाठवले. चुकलेल्या नाण्यांची यादी तेच ठेवतात. म्हटलं, निदान माझी फोटोग्राफी तरी बघतील.

८ ऑक्टोबर
मेहुणा ऑरेस्ट आला. गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर बर्फ तोच घालतो आणि दरवर्षी मधोमध, बर्फाखाली, शकुनाचं एक नाणं गाडतो. म्हणाला, दाजी, एक लूनी द्या की, ढिगानं पडल्यात. बाद नाण्यांची बशी पुढे केली. एकही चूक नाही, बिनधास्त गाड, असं हमीपत्रही तोंडी दिलं. बायको स्टेफा म्हणाली, अहो, तुमच्या हातून डॉलर सुटला, आज काय सणबिण आहे का?

१९ ऑक्टोबर, सकाळी
पेनरांचं उत्तर!! एका फोटोत लूनच्या चोचीखाली दुसरी चोच. साच्यावरच दोनदा उमटलेली. अशी त्यांनी जन्मात पाहिली नाही. नाणं प्रत्यक्ष दाखवलं तर यादीत माझ्या नावाने लागेल: बॉडनार लूनी. स्वयंपाकघरात नाचलो. स्टेफा म्हणाली, गुडघे सांभाळा.

दुपारी
बशी तपासली. पुन्हा तपासली. बशीखालीही बघितलं.

संध्याकाळी
ऑरेस्टला फोन. म्हणतो, बर्फ बसला दाजी, आता सीझन संपेपर्यंत विसरा. रिंकवर हातोडी घेऊन दिसलात तर नातं बघणार नाही.

२० ऑक्टोबर
शांत डोक्याने विचार केला. एक: ती चोच मला दिसली होतीच, फक्त मी दखल घेतली नव्हती. दोन: आपली टीम, बॅजर्स, दरवर्षी पहिल्याच फेरीत गारद होते. म्हणजे फेब्रुवारीत बर्फ खल्लास. तोवर रिंक म्हणजे माझा फुकटचा लॉकर.

३० नोव्हेंबर
बॅजर्स ओळीने जिंकतायत. हे काय भलतंच! गाव म्हणतं, वॉल्टर बॉडनारचं नाणं पावलं. बेकरीवाल्या मार्ताने फुकट डोनट दिला. घेतला.

१४ डिसेंबर
प्लॅन: स्केटिंग करताना बरोबर मधोमध पडायचं आणि थर्मासमधली उकळती कॉफी बर्फावर ओतायची. पडणं उत्तम जमलं. कॉफी थोडी बर्फावर, बाकी माझ्या मांडीवर. ऑरेस्टने डाग झाकायला वरून आणखी बर्फ चढवला. लॉकर अधिक मजबूत झाला, असं म्हणायला हरकत नाही.

११ जानेवारी
चर्चमध्ये फादरनी बॅजर्सच्या विजयासाठी प्रार्थना सांगितली. मीही डोळे मिटून केली, जरा वेगळी. देवाला दुसरी बाजूही कळायला हवी.

२२ फेब्रुवारी
पहिली फेरी. पाहुण्यांनी गोल केला आणि मी ताडकन उठून शाब्बास म्हणून ओरडलो. सगळं गाव वळून बघायला लागलं. मी म्हटलं, आपल्या पोरांनी यावरून शिकावं, एवढंच. स्टेफा दोन खुर्च्या सोडून बसली. जिंकलो. म्हणजे ते जिंकले.

२८ मार्च
फायनल. जादा वेळेत आपल्या पोराने गोल घातला आणि मी मार्ताला मिठी मारून उड्या मारल्या. लिहायलाच हवं. कप आपला! शिवाय आता बर्फ वितळणार, म्हणजे नाणंही आपलं. दोन्हीकडून जिंकणारा गावात मी एकटा.

२ एप्रिल
ऑरेस्टने नाणं काढलं. मागायला गेलो तर डोळा मारून म्हणतो, दाजी, दम धरा, शनिवारी हॉलमध्ये जेवण आहे ना, तिथेच बघा. जिवापाड जपलंय. मी पेनरनाही बोलावून टाकलं. चार माणसांसमोर यादीत नाव लागलं तर बिघडलं कुठे? स्टेफाकडून सूट इस्त्री करून घेतला.

५ एप्रिल
काल हॉल खचाखच भरला होता. पेरोगी खाऊन झाल्यावर ऑरेस्टने मला स्टेजवर ओढलं. म्हणाला, ज्याच्या नाण्याने कप आणला, तो माणूस हा! आणि गळ्यात निळी रिबीन घातली. खाली लूनी. तारेच्या ब्रशने घासघासून आरशासारखी केलेली. रिबीन ओवायला भोक पाडलेलं. मी नाणं वळवून बघितलं. लूनचं अंग शाबूत, मान शाबूत. भोक बरोबर चोचींच्या जागी.

पहिल्या रांगेत पेनरनी भिंग उघडलं होतं. त्यांनी ते मिटून खिशात ठेवलं.

अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मला रडू आवरेना, अगदी हुंदके देऊन रडलो. खाली उतरल्यावर स्टेफाने माझा हात घट्ट धरला. तिचेही डोळे भरले होते. म्हणाली, अहो, टीमवर तुमचा इतका जीव आहे, मला कधी कळलंच नाही हो.

मी हो म्हटलं.