चाळीस दिवसांची वेणी

गौलीगुडा, हैदराबाद
१४ नोव्हेंबर १९९७

तीर्थस्वरूप भामाताईस,

केशवचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घे, गुडघा हल्ली प्रत्यक्षाला परवानगी देत नाही.) इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. नांदेडात थंडी पडली असेल, तुझा खोकला कसा आहे ते कळव. सुलभाने तुझ्यासाठी गोंगुऱ्याचं लोणचं घालून ठेवलं आहे आणि ते न्यायला तू स्वतःच यावंस असं तिचं म्हणणं आहे. हा निरोप सर्वस्वी तिचा, माझा त्यात हात नाही.

पत्रास कारण, तुझ्या पुस्तकावरच्या सिनेमाचं शूटिंग. विद्यानगरात तू अंथरुणाला खिळून भिंतीकडे बघत काढलेली ती दोन वर्षं, त्यांवर कुणी सिनेमा काढील असं मला वाटलं नव्हतं. भिंत बघायला तिकीट कोण काढणार? पण प्रतापराव वकिलांच्या गौतमने मनावर घेतलं, तुझंच जुनं घर भाड्याने मिळवलं आणि मला 'मराठी सल्लागार' नेमलं. कारखान्याने मार्चपासून मला घरी बसवलं आहे (याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात, त्यातली स्वेच्छा त्यांची आणि निवृत्ती माझी), तेव्हा सल्ल्याचा साठा माझ्याकडे भरपूर होता. मी हल्ली दाढीही राखली आहे. सल्लागाराला ती शोभते असं युनिटमधले लोक म्हणतात.

गौतम हुशार पोरगा, पण शिकला इंग्रजी शाळेत. मराठी तो खड्डे चुकवत वाचतो, शब्द अडला की वळसा घालून पुढे. मात्र तुझ्या पुस्तकातलं 'चाळीस दिवस मी वेणी घातली नाही' हे वाक्य त्याला फार आवडलं आणि पूर्ण समजलं. पहिल्या दिवशी मी घरात पाऊल टाकतो तर काय, खोलीभर फुलं. जांबागेच्या फुलबाजारातून आणलेल्या मोगऱ्याच्या आणि अबोलीच्या चाळीस वेण्या, ताज्यांपासून वाळून कोळपलेल्यांपर्यंत, प्रत्येकीला नंबर लावलेला. मला कळेना, इथे लग्न आहे की कुणी गेलं आहे. गौतमने समजावलं की नवरा रोज प्रेमाने वेणी आणतो, ती रोज घालत नाही आणि वेण्या साठत जातात. (भाऊजींनी जन्मात एकदाच फूल आणलं, तेही फ्लॉवरचं. त्याची तू भाजी केलीस.) "काका, बाईनं चाळीस दिवस फूल नै लावलं म्हणजे लै सीरियस है ना?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी सल्लागाराचं कर्तव्य बजावलं. म्हटलं, अरे बाळा, वेणी घातली नाही म्हणजे केस विंचरले नाहीत. त्याने नंबर लावलेल्या वेण्यांकडे एकवार बघितलं. मग म्हणाला, "बस? इतकंच?" मी म्हटलं, इतकंच.

पंचाईत निर्मात्यांची झाली. ते ग्लिसरीनची बाटली खिशात घेऊनच फिरतात. त्यांचं म्हणणं, "औरत रोई नै तो पब्लिक को कैसा मालूम होता, उने दुखी है करके?" त्यांचंही चूक नाही. आपल्या सिनेमात बाईला दुःख झालं की देव्हाऱ्यातला दिवा विझतो, हातातलं ताट पडतं, आणि तेवढ्याने नाही भागलं तर ती स्वतः जिन्यावरून पडते. नुसती बसून राहिलेली दुःखी बाई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मीही पाहिली नव्हती असं म्हणणार होतो, पण मी पाहिली होती.

तुझं काम करणारी मुलगी रेणू. तिने सगळ्या वेण्या बाहेर काढायला लावल्या आणि एक कंगवा मागितला. बस्स, बाकी काही नाही. खाटेच्या कडेवर बसली, केस पुढे घेतले, खालून विंचरायला लागली. कंगवा गुंत्यात अडकला. तिने ओढला नाही, चिडली नाही. अलगद सोडवला, परत फळीवर ठेवला, आणि पुन्हा तशीच बसली. एवढ्याला चार मिनिटं लागली असतील. डोळ्यांत टिपूस नाही, तोंडून हूं की चूं नाही, आणि तरी लाइटवाल्याने बिडीसाठी पेटवलेली काडी बोटापर्यंत जळत आली. निर्मात्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. ताई, मी थक्क झालो. इतकं अवघड काम इतक्या गुपचूप करणारी नटी मी उभ्या जन्मात बघितली नाही.

मग तुझ्या पुस्तकातला धाकटा भाऊ आत येतो. म्हणजे मी. (त्यांनी मला जाड मिशा दिल्या आहेत, असो.) हातात पेढ्यांचा पुडा, आणि येताच म्हणतो, "अगं, केस तरी विंचर, म्हणजे बरं वाटेल." त्या नटाचे उच्चार तपासायला मला उभं केलं होतं. उच्चार अगदी बरोबर होते. मी असंच म्हणालो होतो, आणि कर्तव्य झालं म्हणून पाचची बस पकडायला निघून गेलो होतो. मला फार लाज वाटली. तू ते एका ओळीत लिहिलंस आणि रागाचा शब्द न काढता पुढे गेलीस, त्याचं मला रेणूच्या कामापेक्षाही जास्त कौतुक वाटतं.

एक गंमत सांगायची राहिली. सिनेमात दवाखाना दाखवायचा म्हणून मी हिमायतनगरला तुला त्या भिंतीपासून उठवणाऱ्या, तुझ्या पुस्तकातल्या डॉक्टर सबनीसांची पाटी शोधायला गेलो. सगळ्या गल्ल्या तीनदा पालथ्या घातल्या. शेवटी एका माडीवर दवाखाना दिसला. तिथला कंपाउंडर म्हणाला, "सबनीस-वबनीस कोई नै यहाँ. दाँत दिखाना है तो बैठो." इतकं चढून गेल्यावर तसंच उतरणं बरं दिसेना, म्हणून बसलो. डावीकडची एक दाढ आता नाही.

सिनेमा नक्की बघ. चुका निघाल्या तर त्या गौतमच्या, वेणी तेवढी माझी.

तुझा धाकटा,
केशव

ता. क. : सिनेमा संक्रांतीच्या सुमारास लागेल.

ता. क. दुसरा : डॉक्टरांचं नाव बदललं आहे, असं तू पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलं आहेस. ते मी दाढ काढून आल्यावर वाचलं. खरं नाव आणि पत्ता उलट टपाली कळव. सिनेमासाठी नको. दवाखान्याचा सीन गेल्या महिन्यातच झाला.

ता. क. तिसरा : दाढी मी राखलेली नाही. रोज सकाळी ब्रश आणि तांब्या समोर घेऊन बसतो, आणि पाणी गार होतं. आज एकोणीस दिवस झाले. वर 'खुशाल' लिहिलंय ते हाताच्या सवयीने, ते खोडून वाच. सुलभाचं लोणचं हे निमित्त आहे, पण तू ये. स्टँडवर उतरलीस की घर चार पावलांवर आहे. माझ्याजवळ नुसती बस. 'दाढी तरी कर' एवढं मात्र म्हणू नकोस.