बाबांना कायम करावे किंवा कसे

ती. आत्या,

वाकून नमस्कार. खरं म्हणजे पाठ धरल्यामुळे मी सध्या अर्धाच वाकू शकतो, पण पूर्ण नमस्कार लिहून अर्धा पाठवणं मनाला पटेना, म्हणून आधीच सांगितलं. तुझा गुडघा कसा आहे? (ही चौकशी मनापासून आहे. पुढे गुडघ्याचा पुन्हा उल्लेख येईल तेव्हा तुला शंका येऊ शकते, म्हणून हा खुलासा.) इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायला हात धजत नाही. बाबा मात्र खुशाल आहेत. इतके, की घरात दुसऱ्या कुणाला खुशाल राहायला जागाच उरलेली नाही.

तुला ठाऊक आहे, मी वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत कर्मचारी विभाग सांभाळतो. गेल्या वर्षी मोठ्या साहेबांनी माझ्याकडून एक अहवाल मागवला, 'वयस्क कर्मचाऱ्यांना अधिक काळ कामावर ठेवण्याचे आर्थिक फायदे'. साहेब स्वतः निवृत्तीला टेकले होते, त्यामुळे फायदे आहेत का, असा त्यांचा प्रश्न नव्हता. किती आहेत, एवढंच त्यांना हवं होतं. (मी तरीही तोट्यांचं एक पान जोडलं होतं. ते टंकलेखनात गळलं, असं मला नंतर कळवण्यात आलं.) पण आत्या, फायदे खरोखरच आहेत. मुरलेला माणूस घरी गेला की त्याचं कसब त्याच्याबरोबर जातं, नव्याला शिकवता शिकवता शिकवणारा थकतो, आणि पगारदार माणूस कर भरतो, बाजारात चार वस्तू घेतो, त्यावर आणखी कुणाचं तरी चालतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या अहवालातलं एकच वाक्य मला छळतं.

अहवाल मी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. समोर बाबा मिक्सर उघडून बसले होते. हातात पेचकस, तोंडाने नातीकडून पाढे म्हणून घेणं चाललेलं, एक कान दाराकडे, कारण प्लंबर यायचा होता, आणि उरलेल्या कानाने ते पडद्यांच्या रंगावरून आईशी वाद घालत होते. त्या वेळी मी लिहिलं, 'निवृत्त व्यक्ती घरी बसून अर्थव्यवस्थेत कोणतीही भर घालत नाही.' आणि मान वर करून बाबांना म्हणालो, "जरा हळू. मी काम करतोय."

अहवाल मंजूर झाला. मोठ्या साहेबांना मुदतवाढ मिळाली. ती एकट्यालाच मिळाली असं दिसू नये म्हणून निवृत्तांना परत कामावर घेण्याची योजना निघाली आणि तिच्यात पहिला अर्ज बाबांचा आला. मुलाखतीच्या दिवशी मी नियमाप्रमाणे खोलीबाहेर बसलो. आतून सारखं हसण्याचं ऐकू येत होतं. बाबांना जावक टपालाच्या टेबलावर सहा महिन्यांच्या उमेदवारीवर घेतलं. ते टेबल माझ्याच विभागात येतं.

बाबा ऑफिसात मला 'साहेब' म्हणतात. मी आत शिरलो की उठून उभे राहतात. वडील उभे असताना मी बसणार कसा? म्हणून मीही उभा राहतो. साहेब उभे आहेत म्हटल्यावर ते बसत नाहीत. अशा अवस्थेत आम्ही एकमेकांना "बसा ना" म्हणत राहतो आणि बाकीचा विभाग काम थांबवून बघतो. (पाठ त्यातच धरली, असा माझा अंदाज आहे.) त्यांना म्हटलं, "बाबा, निदान घरी तरी साहेब म्हणू नका." तर म्हणाले, "सवय मोडली तर ऑफिसात तोंडून 'बाळ्या' निघेल. चालेल?"

कामाबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही, आणि अडचण तीच आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाला निघालेलं रिकामं पाकीट पकडलं; आतला कागद घालायचा राहून गेला होता. तेव्हापासून जावकला आलेलं प्रत्येक पाकीट ते उघडून, वाचून, पुन्हा चिकटवून पाठवतात. चिकटवलेलं असेल तर चहाच्या किटलीच्या वाफेवर धरतात. मोठ्या साहेबांनी मेहुण्याला लिहिलेलं खरमरीत पत्र त्यांनी 'भाषा सौम्य करावी' असा शेरा मारून परत पाठवलं. साहेबांनी केली! मेहुण्याशी त्यांचं आता छान जमतं म्हणे.

आणि घर? मिक्सर अजून उघडाच आहे. त्याचे स्क्रू वाटीत आहेत आणि वाटी कुठे आहे ते बाबांना माहीत आहे. प्लंबर भर दुपारी येतो, कुलूप बघतो, जातो. मुलीला शाळेतून आणायला कधी मी धावतो, कधी ही धावते. गेल्या आठवड्यात दोघंही धावलो, तर तिसऱ्याच दिवशी कुणीच धावलं नाही आणि तिला तिच्या बाईंनी आणून सोडलं. बायको म्हणते, "तुमच्या त्या अहवालात हे कुठल्या रकान्यात धरलंय?" आईला वाद घालायला माणूस उरला नाही, म्हणून ती माझ्या जेवणाच्या सुट्टीत फोन करून पडद्यांचा विषय काढते. पडदे मला आवडतात असं मी म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यात काही अर्थच नाही."

येत्या सोमवारी बाबांची उमेदवारी संपते. त्यांना कायम करावे किंवा कसे, हे मला लिहून द्यायचं आहे. 'करावे' लिहिलं तर घर बसलं. 'करू नये' लिहायचं, तर खोटं कारण कुठून आणू? शिवाय, आत्या, ते सकाळी आरशासमोर शीळ घालतात गं. निवृत्तीनंतर ती शीळ बंद झाली होती आणि ती बंद झाल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. हे सगळं तुझ्या कानावर घालावं एवढाच हेतू. प्रकृतीला जप.

तुझा,
अर्धा वाकलेला भाचा

ता. क. बाबा जगात फक्त तुझं ऐकतात. गुडघा फार दुखतोय, काही महिने येऊन राहा, असं तू त्यांना लिहिलंस, तर ते आपणहून नोकरी सोडतील. खोटं लिही असं मी म्हणत नाही. दुखतोच ना? फक्त थोडं सविस्तर दुखू दे.

ता. क. २. किंवा तूच इकडे ये. विश्रांतीसाठी म्हणतोय. (तुला मिक्सर जोडता येतो का, तेही सहज कळव.)

ता. क. ३. घरची पत्रं पेटीत टाकायचं काम बाबांचंच होतं, त्यामुळे हे पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं. आज ऑफिसच्या जावक ट्रेमध्ये टाकतो. तिकीट माझं स्वतःचं आहे. काळजी नको, बाबा आज चष्म्यासाठी रजेवर आहेत.

*(पुढचा मजकूर वेगळ्या, रेखीव अक्षरात)*

ताईस नमस्कार, पूर्ण वाकून. चष्म्याचं दुकान बंद होतं, म्हणून परत कामावर आलो. पत्र तपासलं. पत्ता तुझ्या जुन्या घराचा होता, दुरुस्त केला. गुडघ्याचं नाटक करू नकोस, तुला लहानपणापासून जमत नाही. माझ्या कागदावर मोठ्या साहेबांनी परवाच सही केली, तेव्हा आमच्या दिवट्याने सोमवारची धास्ती घेऊ नये. तू मात्र जरूर ये. टेलिफोनच्या टेबलावर जागा आहे आणि तुझ्यासारखा खणखणीत आवाज त्यांना मिळत नाही. तुझ्या भावजयीची काल निवड झाली. माझ्या समोरच्याच टेबलावर बसेल, म्हणजे पडद्यांचं काय ते ऑफिसातच मिटेल.

घरी कुणीतरी हवं, हे पोराचं म्हणणं मला पटलं. त्याची पाठही धरलेलीच आहे. मोठ्या साहेबांनी मला एक नवा अहवाल लिहायला सांगितलाय, 'चाळिशीतल्या कर्मचाऱ्यांना काही वर्षे घरी ठेवण्याचे आर्थिक फायदे'. मी विचारलं, तोट्यांचं पान जोडू का? म्हणाले, जोडा की, टंकलेखनात बघू.

स्क्रूंची वाटी फ्रिजवर आहे, असं त्याला कळव. मी सांगितलं तर उठून उभा राहतो.