ह्यांची जीप

२ नोव्हें.
पत्र्याच्या शेडमध्ये बऱ्याच महिन्यांनी शिरले. जीप आणि भिंत यांच्यात अंग चोरूनच सरकावं लागतं. ह्यांनी इंजिन उतरवून खोललं आणि त्याच आठवड्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. इंजिन तेव्हापासून तसंच उघडं. पाथर्डी-नगर रस्त्यावर उभा जन्म ह्यांनी हीच जीप चालवली.

पुण्याहून मुलाचा, विकासचा फोन. भंगारवाला बघितलाय म्हणाला. ह्यांना सांगितलं, तर डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "तू... कर."

मी अंगणवाडीत पोरं सांभाळणारी. पाना कधी...

९ नोव्हें.
अंगणवाडी सुटली की शेड. हे दारात खुर्चीवर, बोटाने दाखवतात. मी डिझेलने पार्ट धुते. वास हाताचा जात नाही, भाकरीलाही लागतो. इंजिनचा ब्लॉक टेम्पोतून नगरला लेथवर घासायला पाठवला.

२४ नोव्हें.
ब्लॉक आल्यापासून जुळणी चाललीय. आज वाईट दिवस. क्रँकच्या बेअरिंगवर टोप्या बसवत होते. हे एकदम काठी पत्र्यावर आपटायला लागले. त्यांना सांगता येईना, मला कळेना. शेवटी मी ओरडले, "मग तुमीच करा की." काठी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी. मी पाना टाकून घरात आले.

२५ नोव्हें.
सकाळी परत खोललं. एक टोपी उलटी बसली होती, खुणा जुळत नव्हत्या. तशीच आवळली असती तर इंजिन जाम झालं असतं. चहा देताना सांगितलं. नुसती मान हलवली. काल रागावले नव्हते, घाबरले होते.

८ डिसें.
इंजिनचं हेड बसलं. शेजारच्या दोघांनी साखळी-कप्पी लावून इंजिन जीपमध्ये सोडलं. ह्यांनी जेवण नीट केलं नाही, लक्ष सगळं तिकडे.

१४ डिसें.
चालू झालं. आधी धूर, शेड भरली, दोघंही खोकलो. मग आवाज एकसारखा लागला. ह्यांनी बॉनेटवर डावा तळवा ठेवला, बराच वेळ. आत बसा म्हटलं, तर नको. बंद करायची खूण केली.

"इक."

चुकीचा शब्द आला असेल, होतं असं त्यांचं. परत विचारलं.

"चालती... इक. भंगारात न्हाई."

झटक्यानंतर एवढं एका दमात बोलले नव्हते. मी पाने पुसत बसले.

१५ डिसें.
विकास विचारतो, चालू झालीय तर गिऱ्हाईक आणू का? बाबांना विचारून सांगते म्हटलं. विचारून तर झालंय.

दुपारी जीप चालू केली आणि त्यांच्या सीटवर नुसती बसले. गाडी चालवता येत नाही मला. हे हळूहळू येऊन दारात उभे राहिले. मी इंजिन बंद केलं नाही. त्यांनीही बंद कर म्हटलं नाही.