गेरूची खूण

वाडी, जवळा बाजार
१८ मे २००८

प्रिय परमेश्वर,

पत्र बघून तू म्हणशील, अक्काला काय झालं, घरात फोन असून कागद काळे करत बसली. फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस, बाबा. मी अर्धं बोलले की तू 'बरं बरं, ठेवतो' म्हणतोस, आणि खरं सांगायचं तर मीही सुटल्यासारखी ठेवून देते. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड.

मागच्या रविवारी रागिणीचा फोन आला होता. तुला न सांगता केला होता, तिला बोलू नकोस. तुमच्या डॉक्टरनं बजावून सांगितलं म्हणे, पावसाळ्याआधी फ्लूची सुई घ्या, दरसाली घ्या, मार्गशीर्षात आठ दिवस नाकाला नळी लावून पडला होतात ते विसरू नका. त्यावर तू म्हणालास, आमच्या आबांनी घेतली होती, दोन महिन्यांत गेले. बापाचं मरण पुढं केल्यावर कोण काय बोलणार? तीन वर्षं झाली, तू सगळ्यांना हेच सांगून राहिलास. रागिणी रडत होती. म्हणाली, आणखी एक तसा हिवाळा ह्यांच्या छातीला झेपायचा नाही, अक्का, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात. मी हो म्हणाले, आणि आठ दिवस नुसती कागदाकडे बघत बसले.

इकडचं ठीक म्हणायचं. मेंढरं आता एकसष्ट आहेत. चराईला जागा उरली नाही, जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. एखादं मेंढरू बांधावर तोंड घालायचा अवकाश, लोक काठी घेऊन धावतात. पुसेगावकडून एक नर आणलाय, दिसायला देखणा पण अकलेनं शून्य. आबा असते तर म्हणाले असते, असू दे, नराला अक्कल असती तर त्यानं संसार मांडला असता. जनावरांच्या दवाखान्यातला लखमा यंदा रिटायर होणार. परवा येऊन सगळ्या मेंढरांना देवीची लस देऊन गेला, त्याच्या हातची शेवटची. मी मागं उभी राहून एकेकाच्या पाठीवर लस झाल्याची खूण, गेरूची तीन बोटं ओढत होते. आबांचं काम आता माझ्याकडे.

तुला चौऱ्याण्णव साल आठवतं? तू दहावीत होतास. आई गेलेल्याला दोन वर्षं झाली होती. त्या साली आबांनी लस चुकवली. आळस नव्हता, कळप लांब गेला होता आणि ते म्हणाले, एका सालानं काय होतंय. पंधरा दिवसांत चौतीस मेंढरं गेली. अंगावर फोड, नाकाडोळ्यांतून पाणी, कोकरं तर आईच्या कासेजवळच आडवी व्हायची. तू शाळेतून यायचास आणि दप्तर टाकून खड्डा खणायला लागायचास. शेवटच्या खड्ड्यापाशी आबा खाली बसले ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. त्यानंतर त्यांनी एकही साल चुकवलं नाही. मृग लागायच्या आधी लखमाच्या दारात जाऊन बसायचे. लखमा चिडायचा, मसाजी, तुला दुसरा धंदा न्हाई का? आबा म्हणायचे, हाच तर धंदा हाय.

आणि खुणेबद्दल त्यांचा एक कायदा होता. तो तुलाही पाठ असेल, कारण त्यापायी तू मार खाल्ला आहेस. लहानपणी एकदा घाईघाईत तू लस न दिलेल्या मेंढीच्याच पाठीवर गेरू ओढलास. आबांनी तुझ्या कानाखाली वाजवली आणि मग स्वतःच तुला मांडीवर घेऊन समजावलं. "बिनखुणेचं मेंढरू परत सापडतंय, लेकरा. खोट्या खुणेचं कुणालाच सापडत न्हाई. त्याच्याकडं परत कुणी बघतच न्हाई." तू हुंदके देत व्हय व्हय म्हणत होतास. हे वाक्य मला या तीन वर्षांत इतक्या वेळा आठवलं की आता मेंढरं मोजायलाही नको वाटतं.

दोन हजार पाचचा ज्येष्ठ. तू पुण्याहून आलास, मांडीवर थर्मास घेऊन. रात्रभर बसमध्ये तो खाली ठेवला नव्हतास, डोळे लाल झाले होते. तुझ्या कंपनीतल्या कुणा साहेबानं सांगितलं होतं, दम्याच्या माणसाला ही सुई दरसाली द्यावी, म्हणून तू दुकानदाराच्या पाया पडून एक मिळवलीस. एकच. स्वतःला नाही घेतलीस. काचेची, भरलेली, बोटभर सुई. आबांनी ती उजेडात धरून बघितली आणि त्यांना इतका आनंद झाला! म्हणाले, मी मेंढराला दरसाली देतो, मंग मला काहून न्हाई? त्या दिवशी डॉक्टर तातेराव गावात नव्हते, दुसऱ्या दिवशी बाजारला यायचे होते. तुझी रजा संपलेली. निघताना तू खिशातून चिठ्ठी काढून मला वाचून दाखवायला लागलास, थंड कशी ठेवायची ते. मी कोकराला दूध पाजत होते. मी म्हणाले, गप रे, पंधरा वर्षं झाली मेंढरांच्या लशी सांभाळते, तू मला शिकवणार? तू हसलास, चिठ्ठी माझ्या हातात कोंबलीस आणि बस गाठायला पळालास.

दुसऱ्या दिवशी सुई दिली. तातेराव डॉक्टरांनी दंडात टोचली, आबांनी हूं की चूं केलं नाही. घरी आले आणि मला म्हणाले, गेरू आण. मी म्हणाले, आबा, चेष्टा कशाची करता. ते ऐकतात होय? बंडीच्या पाठीवर माझ्याकडून तीन बोटं ओढून घेतली आणि आठवडाभर ती बंडी घालून बाजारभर हिंडले. कुणी विचारलं की पाठ वळवून दाखवायचे, आपल्याला लस झालीय, आता काय भ्या न्हाई. नरसीला नामदेवाच्या दर्शनाला गेले तेही त्याच बंडीत. लोक हसायचे. मीही हसले. तेव्हाचे ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं, आणि मग येऊ नये असं वाटतं.

श्रावणात त्यांना ताप भरला. आधी अंग दुखतंय म्हणाले, मग खोकला, मग तीन दिवसांत बोलायलाही श्वास पुरेना. हिंगोलीहून नांदेडला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, फ्लूसारखा ताप आहे, छातीत उतरलाय, दमा होताच. तू पोचलास तेव्हा त्यांना ओळख होती, पण आवाज नव्हता. त्यांनी नुसता तुझा हात धरून ठेवला. माती देऊन परत आलो आणि दोरीवर ती बंडी वाळत होती, तीन बोटं अजून तशीच, धुऊन धुऊन फिकट झालेली. तू ती ओढून काढलीस आणि जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणालास, "ही बघा खूण. लस घेऊन मेला माझा बाप. सगळं थोतांड हाय." मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तेव्हाच तोंड उघडायला पाहिजे होतं. मी आत गेले आणि चहा टाकला.

आता ज्यासाठी कागद घेतला ते, परमेश्वर. लिहिते.

तू गेलास त्या दिवशी थर्मासातला बर्फ दुपारीच विरघळला. लाइट तर तेव्हा बारा-बारा तास नसायची. मला धास्ती बसली, सुई कोमट झाली तर तुझे कष्ट वाया. लखमाचं मी वर्षानुवर्षं बघत आलेय, देवीची लस तो बर्फात पुरून आणतो, बर्फ संपला की लस संपली असं म्हणतो. मी उन्हातान्हात जवळ्याला चालत गेले आणि अमृतरावाच्या थंड पेयाच्या दुकानात, बर्फाच्या लाद्यांच्या पेटीत, दोन लाद्यांच्या मधे ती सुई ठेवली. त्याच्याकडे जनरेटर होता. सकाळी काढली तर आतलं पाणी पांढरं, घट्ट दगड झालेलं. मला वाटलं, वा, काय नंबर एक ठेवलीय. मुठीत धरून डॉक्टरांकडे चालत गेले, तोवर ती वितळली. त्यांनी विचारलं, बाई, थंड ठेवली होती ना बराबर? मी म्हणाले, एकदम. त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या हातात पडली तेव्हा ती चांगलीच दिसत होती.

आठ दिवसांनी लखमा मेंढरांना दुसरी लस, आंत्रविषाराची, म्हणजे पोटाच्या रोगाची, द्यायला आला. मी मोठेपणानं त्याला सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला. म्हणाला, बाई, देवीची लस बर्फात चालते, पण आंत्रविषाराची गोठली की आम्ही फेकून देतो, तिच्यात जोर राहत न्हाई. माणसाची ही सुईबी तशीच असती. चिठ्ठी असंल ना? चिठ्ठी होती, इंग्रजीतली. शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतली. गोठवू नये, गोठल्यास वापरू नये. हेच तू मला सांगत होतास ना, मी तुला गप बस म्हणाले तेव्हा?

तरीही वेळ होता. हे मला तुला सांगायचंय, चुकीपेक्षा हे. ज्येष्ठ सरायचा होता, आबा धडधाकट होते, गेरूची पाठ मिरवत फिरत होते. तुला एक फोन केला असता तर तू दुसरी सुई घेऊन आला असतास, पुन्हा रात्रभर मांडीवर थर्मास घेऊन. मी तीनदा जवळ्याच्या एसटीडीवर गेले. तिन्ही वेळा नंबर लागला, तिन्ही वेळा तू उचललास. मी पावसाचं बोलले, कोकराचं बोलले, रागिणीला किती महिने झाले ते विचारलं. लाज वाटली रे. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तुला नेहमी मीच शहाणपण शिकवलं, आणि तुझ्यासमोर मूर्ख ठरायचं माझ्या जिवावर आलं. एवढंच कारण. दुसरं कारण मी तीन वर्षं शोधतेय, सापडत नाही.

चांगली सुई मिळाली असती तर आबा वाचले असते, असं मी म्हणत नाही. तातेराव डॉक्टरांना मी परवा जाऊन सगळं कबूल केलं. तेही म्हणाले, सांगता येत नाही, सुई घेऊनही कुणाकुणाला ताप येतो, पण बहुतेकांना जिवावर बेतत नाही. म्हणजे मला माफीही नाही आणि शिक्षाही नाही, असं झालं. पण तू जो निवाडा करून बसला आहेस तो माझ्या खोट्या साक्षीवर केला आहेस. आबांना लस झालीच नव्हती. त्यांच्या पाठीवर नुसता गेरू होता, तो माझ्या बोटांनी ओढलेला, आणि तो बघून त्यांच्याकडे परत कुणी बघितलं नाही. आता तीच खोटी खूण बघून तूही सुईपासून लांब पळतो आहेस. एक बाप त्यात गेला. भाऊ जाऊ द्यायची माझी तयारी नाही. म्हणून हे पत्र. मृग लागायला अजून वीस दिवस आहेत. माझ्यावर राग धर, आयुष्यभर धर, दिवाळीला येऊ नकोस, लेकराला माझं नाव सांगू नकोस. पण सुईवर धरू नकोस. घेतलीस की रागिणीला एवढं कळवायला सांग. तू नाही बोललास तरी चालेल.

तुझीच,
(तू म्हणवून घेऊ देशील तर) अक्का