परसाकडे परघरी

खर्र, खर्रर्र, खर्रर्र. अक्का, ओळख पाहू हा आवाज कशाचा! पहिलीच्या वर्गात खिडकीखाली धूळपाटी असायची. लाकडी चौकटीत बारीक वाळू आणि त्या वाळूत आपली बोटं. एक आखूड ओरखडा, दोन लांब. पुढे वरच्या वर्गात मास्तरांनी फळ्यावर भुजंगप्रयात मांडला, लगागा लगागा, तेव्हा सगळी पोरं डोकं खाजवत बसली होती आणि मला वाटलं, अरे, हे तर माझं बोट मला केव्हाच सांगून गेलंय.

पण हे काय, नमस्कार राहिलाच. तीर्थरूप अक्काच्या चरणी, वयानं म्हातारा आणि नात्यानं अजून धाकटाच असलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार (पत्रातला, प्रत्यक्ष घातला तर उठवायला माणसं बोलवावी लागतील). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचं कानातलं यंत्र सापडलं का, की ते त्यांना सापडायलाच नकोय? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. क्षेम काही नाही. माझा नुसता जळफळाट चाललाय.

कारण तूच टोपलीतून पाठवलेल्या बाईसाहेब. (मांजरीला दुसरं नाव शोधलं होतं, पण तिच्याकडे पाहून ते घ्यायचं धाडस झालं नाही.) आल्या तेव्हा मुठीएवढ्या होत्या. मी गच्चीच्या दाराजवळ पसरट ट्रे ठेवला, त्यात दुकानातली साधी मांजरांची माती घातली, ती ओली झाली की गोळा होणारी, आणि पहिल्याच दिवशी बाईसाहेब ट्रेमध्ये चढून उकरायला लागल्या. खर्र, खर्रर्र, खर्रर्र. अक्का, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एक आखूड, दोन लांब! साठ-पासष्ट वर्षं मागे पडलेला वर्ग माझ्या घरात, गच्चीच्या दाराजवळ भरला होता. तेव्हापासून बाईसाहेब ट्रेकडे निघाल्या की मीही निघायचो. त्या उकरायच्या, मी त्या ठेक्यावर एखादी जुनी कविता म्हणायचो. त्या झाकायच्या, मी शेवटचं कडवं संपवायचो. दुपारी त्या माझ्या पाठ्यपुस्तकांवर (हो, अजून आहेत, चौथीचं सोडून) पोटाखाली पाय घेऊन बसायच्या आणि मी पानं न उलटता तीच कविता पुन्हा पुन्हा वाचायचो. माणसाला म्हातारपणी अजून काय लागतं?

लागतं, असं माझ्या मनानं घेतलं आणि तिथेच माशी शिंकली. मला वाटलं, इतकी रसिक मांजर, तिला साधी माती? दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं सुगंधी मातीची पिशवी दाखवली, वर जांभळ्या फुलांचं शेत. आपल्या किती कवितांत फुलांचा वास दरवळतो, आठव. मी पिशवी नाकाला लावली आणि डोळे मिटले. मुलगी म्हणाली, "काका, माती मांजरासाठी आहे ना?" मी म्हटलं, "हो, पण वाहून मला न्यायचीये."

बाईसाहेबांनी ट्रेच्या कडेवर एक पाय ठेवला. हुंगलं. पाय उचलून असा झटकला की मला शाळा तपासायला येणारे साहेब आठवले, वहीवर शाईचा डाग दिसला की ते असाच हात झटकायचे. मग त्या खिडकीतून निघून गेल्या. आणि संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे ऑडिटर भेटले.

हे ऑडिटर म्हणजे निवृत्त गृहस्थ. जन्मभर दुसऱ्यांच्या आकड्यांत चुका काढल्या, त्यामुळे बोलायची सवय राहिली नाही; सही केल्यासारखे हसतात, तेवढंच. ते म्हणाले, "तुमची मांजर आमच्याकडे येऊन गेली." मी म्हटलं, "वा, पाहुणचार केलात का?" तर म्हणाले, "नाही, तशी नाही. ती... जाऊन गेली." त्यांच्या मुलीची मांजर सुट्टीत राहून गेली होती, तिचा निळा टब मोरीत तसाच होता, आणि आमच्या बाईसाहेबांनी त्यात सगळं नीट उरकलं, झाकलं आणि परत आल्या. "फार स्वच्छ आहे हो," असंही वर म्हणाले. माझ्या मांजरीचं कौतुक मला!

तुला वाटेल, बरं झालं, घाण त्यांच्या घरी. आमच्या हिलाही तेच वाटतं. म्हणाली, "लोक असल्या शेजाऱ्यासाठी नवस करतील. खायला आपल्याकडे, निस्तरायला ते. तुमच्या पोटात का दुखतंय?" अगं, दुखणार नाही तर काय! जेवायला कोणीही कोणाकडे जातं. पण जिथे माणूस (मांजर काय आणि माणूस काय) निर्धास्तपणे पाठ फिरवून बसतो, ते त्याचं खरं घर. आमची खानावळ झाली, अक्का. घर वर गेलं. आणि कोणाकडे, तर ज्याला कवितेची एक ओळ पाठ नाही त्याच्याकडे! (मी विचारून पाहिलं. ते बराच वेळ आठवत राहिले आणि शेवटी पाढा म्हणाले.)

मग मी चंगच बांधला. सुगंधी माती हद्दपार केली आणि पांढरे खडे आणले, काचेसारखे चमकणारे, मधूनमधून निळे दाणे. महिनाभर वास येत नाही म्हणे. बाईसाहेबांनी पाय टाकला आणि कोणीतरी टोस्ट खातंय असा कुर्रकुर्र आवाज झाला. त्या दचकल्या, मी दचकलो, आणि भुजंगप्रयात कुठल्या कुठे गेला. उरलेले खडे मी डब्यात भरून मोरीतल्या फळीवर ठेवले. हिला निळे दाणे दिसले, तिला वाटलं नवीन कपडे धुण्याची पावडर. दोन ओंजळी मशीनमध्ये गेल्या. दुरुस्तीवाला आला, मागचं झाकण उघडलं, हातावर खडे घेऊन कौतुकानं पाहत राहिला आणि म्हणाला, "काकू, मशीनला मूतखडा झालाय." त्यानंतर ही माझ्याशी दोन वेळच्या जेवणापुरतंच बोलली, आणि त्यात "अजून वाढू का" नव्हतं.

त्या अबोल्यात मी लाकडाच्या भुशाच्या गोळ्या आणल्या. अक्का, काय सांगू, पिशवी उघडली आणि नव्या बाकाचा वास आला! शाळा सुरू व्हायच्या दिवशी रंधा मारलेल्या फळ्यांचा यायचा तोच. मी ट्रेशेजारी पाट घेऊन बसलो आणि एकामागून एक कविता आठवायला लागल्या, विसरलेली कडवीसुद्धा. किती वेळ गेला कळलं नाही. वर पाहिलं तर बाईसाहेब कपाटावर बसून माझ्याकडे पाहत होत्या, आपण पाळलेल्या प्राण्यानं नवीनच खूळ धरलंय असं पाहावं तशा. मग शांतपणे वरच्या मजल्यावर गेल्या. गोळ्या मी अजून ठेवल्यात. उशाशी.

आता एकच उपाय उरला, ऑडिटरांच्या टबात आहे तरी काय ते पाहायचं. चुकून आमच्याकडे आलेलं त्यांचं वर्तमानपत्र परत करायला (चुकून म्हणजे मीच उचललेलं) मी वर गेलो. ते चहा टाकायला आत वळले, मी मोरीत शिरलो, टबाशी उकिडवा बसलो आणि एक चिमूट खिशात घालणार इतक्यात दारात सावली. मी म्हटलं, "चष्मा पडला हो." भला माणूस! लगेच गुडघ्यांवर बसला आणि माझ्याबरोबर फरशी चाचपायला लागला. बराच शोध झाला. मग त्यांनी वर पाहिलं, माझ्या नाकाकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, आणि जन्मभर चुका काढलेला तो माणूस एवढंच म्हणाला, "सापडला वाटतं." चहा मात्र पाजला. चांगला होता, ह्याचाही मला राग आला.

आणि चिमूट? ती घेऊन दुकानात गेलो. मुलीनं बोटांवर चोळून पाहिली आणि म्हणाली, "काका, ही तर तुम्ही आधी न्यायचात तीच. सगळ्यात साधी." माझ्या पायाखालची तीच साधी माती सरकली. मी ती पुन्हा आणली, ट्रे घासला, पुसला, उन्हात ठेवला, तीच जागा, तीच माती, तेवढीच खोल. बाईसाहेब आल्या, जेवल्या, मिश्या पुसल्या, वर गेल्या.

त्या दिवशी हिनं अबोला सोडला. म्हणाली, "मातीत काही नाही. तुम्ही समोर उभे राहून चालीवर कविता म्हणता. तुम्ही बसला असता दारात कोणी गायलं तर तुम्हाला होईल का?" मी म्हटलं, "इतके दिवस कशी होत होती मग?" तर म्हणते, "लहान होती बिचारी. आता कळायला लागलंय. आणि वरचे साहेब बघा, ती आली की दुसऱ्या खोलीत जातात." वरचे साहेब! मला लग्नानंतर आजतागायत कोणी साहेब म्हटलं नाही, घरात तर नाहीच.

तरी मी प्रयत्न केला, अक्का. काल दुपारी बाईसाहेब चालत गच्चीच्या दाराशी आल्या. मी खुर्चीत, तोंड भिंतीकडे, ओठ घट्ट. त्या ट्रेमध्ये चढल्या. किती दिवसांनी! खर्र. मी खुर्चीचा हात आवळला. खर्रर्र. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिसरा ओरखडा झाला आणि माझ्या तोंडून, देवाशपथ मी नाही म्हटली, ती आपली आपणच बाहेर पडली, पहिली ओळ. चरणाच्या मध्यावर जिथे विसावा घ्यायचा तिथे मी घेतला आणि मागे वळून पाहिलं. ट्रे रिकामा, खिडकीचा पडदा हलत होता.

ऑडिटर वर सुखात आहेत. मी ठीक. सर्वांना यथायोग्य.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं कारण लिहायचं राहिलंच. तू ऑडिटरांना एक पत्र लिही, तुझ्या अक्षरात (माझं अक्षर त्यांना सोसायटीच्या नोटिशींमुळे पाठ आहे). लिही की ही मांजर तुझ्या घरची, तिच्या आजीला एक आजार होता, आणि ज्याच्या घरी ही जाते त्याच्या डोक्याचे केस गळतात. त्यांना केसांचा फार अभिमान आहे, ह्या वयात भांग पाडतात. माझ्याकडे पाहून त्यांना ते पटेलही.

ता. क. २. (हे हिच्या अक्षरात आहे, मी हात धरला पण उपयोग झाला नाही.) वन्सं, नमस्कार. असलं काही लिहू नका. त्यापेक्षा ह्यांनाच चार दिवस तुमच्याकडे बोलवा. मांजर आपोआप घरी येईल. सोबत पाठ्यपुस्तकं देईन, भावजींना ऐकू येत नाही ते बरंच आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात ऑडिटर, दोन्ही हातांत तो निळा टब, भांग विस्कटलेला. म्हणाले, "रागावू नका, पण कोणती माती घातलीत हो तुम्ही? काल दुपारपासून ती आमच्याकडे आलेली नाही." अक्का, क्षणभर मी काय उंच झालो! म्हणणार होतो, साधीच, पण म्हणायची पद्धत असते. तेवढ्यात आतून हिचा आवाज आला, "ती तळमजल्यावर नव्यानं आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते. सकाळीच निघताना पाहिली, फार समाधानी दिसली." ऑडिटर उंबऱ्यात तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून मी टब हातातून घेतला, त्यांना आत बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितला. तेव्हा ते पत्र तू लिहीच, फक्त वरचं नाव बदल. आणि दात पडतात असं घालू नकोस, डॉक्टरीणबाईंचा धंदा वाढेल. केसच राहू देत, असं ऑडिटरसाहेबांचंही मत आहे.