उन्नतीला उठवायला या, आवाजाने

सेक्टर 2, भिलाई

बाबा, आईला आणि तुम्हाला कांताचा जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो भाच्याच्या, रोशनच्या मोबाइलवर पाठवते आहे. घाबरू नका. परवा तुमची नात उन्नती विमान चालवायला शिकत असताना तिचं छोटं विमान जंगलातल्या धावपट्टीवर उतरताना उलटलं. हात मोडला आहे. चेहऱ्यावर ओरखडाही नाही. फक्त अजून ती डोळे उघडत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिला इतक्यात सांगू नका.

डॉक्टर म्हणतात, बोलत राहा. दोन दिवस मी बोलतेच आहे. पण बाबा, आम्ही घरात तिच्याशी हिंदीच बोललो. मराठी ती फक्त तुमच्याशी बोलते.

सुट्टीत तुम्ही तिला उठवायचात तसं रोशनच्या मोबाइलमध्ये बोलून आत्ताच पाठवा: "ऊठ वं उन्नते! कोंबडी अंडं देऊन गेली, तू कावून लोळून रायली?" तिच्या कानाशी लावते. दुसरं काही मला सुचत नाही.

रडू आलं तर आधी डोळे पुसा, मग बोला. तुमचा रडका आवाज तिने कधी ऐकला नाही. ती ओळखणार नाही.

वाट बघणारी,
तुमची कांता